झाडांच्या नावपाट्या: काम पक्कं, यादी कच्ची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एक साइनबोर्डचं वर्कशॉप आहे. दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, गाड्यांवरचे स्टिकर हे त्यांचं रोजचं काम. शाळा, कॉलेज आणि सोसायट्यांना झाडांच्या नावपाट्या करून देणं हा जोडधंदा. चौकशीला गेलं की ते जवळची तयार यादी पुढे करतात. त्यात झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि दोन ओळी माहिती असते. आपण फक्त टिक करत जायचं. पाट्या आणि यादी दोन्ही तपासल्या. पाट्या जरूर घ्या, यादीला हात लावू नका. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच यादी, त्याच चुकांसकट, गावातल्या दुसऱ्या साइनबोर्डवाल्यांकडेही फिरते आहे. एकट्याच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. (लॅटिन नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पाटीवर ती रोमन लिपीतच हवीत.)

आधी पाटीचं. तीन प्रकार मिळतात. सनबोर्डवर विनाइल चिकटवलेली पाटी सगळ्यात स्वस्त आणि सोलापूरच्या उन्हात सगळ्यात आधी कामातून जाणारी. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर गेला की सनबोर्ड वाकतो, विनाइलच्या कडा सुटतात आणि पहिल्या पावसात त्या फटीत पाणी शिरतं. एखाद्या दिवसाच्या प्रदर्शनापुरती ठीक आहे, झाडावर लावायला नाही.

दुसरी एसीपीची, म्हणजे दोन बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लॅस्टिक अशी 3 मिलिमीटरची शीट, तिच्यावर थेट यूव्ही प्रिंट. बहुतेकांनी हीच घ्यावी. इथलं कटिंग साफ आहे, कोपरे गोल करून देतात, भोकं कडेपासून पुरेशी आत पाडतात. रंगाचा निर्णय मात्र आपण घ्यायचा. दुकानाच्या नमुन्यात हिरवा पट्टा, लाल मराठी नाव आणि पिवळी किनार आहे. उन्हात लाल आणि पिवळी शाई सगळ्यात आधी उडते. हिरव्यातला पिवळा निघून गेला की उरलेला पट्टा निळसर दिसतो, आणि लाल अक्षरं तर वाचताच येत नाहीत. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर काळी अक्षरं मागा. दिसायला साधी, पण टिकतात.

तिसरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर लेझरनं कोरलेली. वरचा रंगाचा थर जळून खालचा धातू उघडा पडतो, त्यामुळे उडून जायला शाईच नसते. कोरीव काम इतकं बारीक आहे की 4 मिलिमीटरची अक्षरंही स्वच्छ लागतात. अडचण एकच: चूक असली तर तीही तितकीच वर्षं टिकते.

मापाचा मुद्दा थोडक्यात. 8 गुणिले 6 इंच पुरते. मराठी नाव 20 मिलिमीटर, शास्त्रीय नाव 10 ते 12, बाकीचं 6 मिलिमीटर. त्याहून जास्त मजकूर कोंबला की उभं राहून कोणी वाचत नाही.

लावण्याच्या बाबतीत सावध राहा. न सांगता माणूस पाठवलात तर तो हातोडी आणि खिळे घेऊनच येतो. खिळ्यानं साल आणि सालीखालचा वाढीचा थर फुटतो, तिथून बुरशी आणि किडीला वाट मिळते. शिवाय खोड उंचीनं त्या जागी वाढत नाही, घेरानं वाढतं. खिळा तिथेच राहतो आणि काही वर्षांत साल पाटीच्या कडा गिळायला लागते. 'स्प्रिंगनं लावायचं' असं ऑर्डरवरच लिहून घ्या. त्यांच्याकडे स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंग असतात, पण तार जाड मिळते आणि नुसतीच आवळून देतात. छातीच्या उंचीवर घेर मोजून द्या, तार जुन्या बागेच्या पाइपातून ओवायला सांगा आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग घ्या, म्हणजे घेर वाढला की ताण स्प्रिंगवर येतो. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा सैल करावं लागतं, कारण खोडाचा घेर पावसाळ्यात आणि त्यानंतरच वाढतो. सोनमोहर, रेन ट्री अशी भराभर वाढणारी झाडं विसरलात तर तार सालीत रुतलेली सापडेल.

मनगटाएवढ्या खोडाला पाटी टांगूच नये. त्यासाठी ते लोखंडी अँगलची खुंटी देतात, वर पाटी तिरकी बसवलेली. खुंटी चांगली आहे, लांबी कमी आहे. काळ्या जमिनीत दीड फूट खुंटी नुसती ठोकली तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते आणि दिवाळीपर्यंत खुंटी कलते. अडीच फूट लांबी मागा आणि खाली खड्ड्यात काँक्रीट भरून घ्या. मुरमाड जागेत एवढा खटाटोप लागत नाही.

आता यादी.

सगळ्यात ठळक घोटाळा 'अशोक'. सोसायटीच्या कुंपणाला उंच, सरळसोट, खाली झुकलेल्या पानांचं जे झाड असतं त्याच्यापुढे यादीत 'सराका इंडिका' लिहिलंय. ते झाड मोनून लाँगिफोलियम, जुनं नाव पॉलीअल्थिया लाँगिफोलिया. ॲनोनेसी कुळातलं, म्हणजे सीताफळाचा भाऊबंद. खरा सीताअशोक सराका असोका, शेंगा येणाऱ्या फॅबेसी कुळातला, केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांदीवर येणारा. 'सराका इंडिका' हे नाव आपल्या अशोकाला चुकून चिकटलेलं होतं, ते आग्नेय आशियातल्या वेगळ्या जातीचं आहे. म्हणजे यादीतल्या एका ओळीत झाड वेगळं, कुळ वेगळं आणि नावही तिसऱ्याचंच. एखाद्या वैद्यकीय किंवा फार्मसी कॉलेजच्या आवारात ही पाटी लागली तर मुलं अशोकाची साल म्हणून भलत्याच झाडाकडे बोट दाखवतील.

दुसरा लिंबाचा. सोलापूरकडे कडुनिंबाला नुसतं 'लिंब' म्हणतात, त्यामुळे पाटीवर 'कडुनिंब (लिंब)' असं लिहिलं तर आजीलाही पटतं आणि नातवालाही. यादीत त्याच्यापुढे 'मेलिया अझेडारॅक' आहे. लिनियसनं 1753 मध्ये कडुनिंब आणि बकाणा निंब दोन्ही मेलिया वंशात घातले होते: कडुनिंब मेलिया अझाडिराक्टा, बकाणा मेलिया अझेडारॅक. पुढे कडुनिंबाचा वंश वेगळा झाला आणि तो अझाडिराक्टा इंडिका झाला. बकाणा मेलियातच राहिला. दोन-तीन अक्षरांचा फरक असलेली ही जुनी जोडी यादीत एकमेकांच्या जागी गेली आहे. झाडाजवळ उभं राहून खात्री करायला एक पान पुरतं. कडुनिंबाच्या एका दांड्यावर दोन्ही बाजूंना कोयत्यासारखी वाकडी, दातेरी पानं असतात. बकाण्याचा दांडा पुन्हा फाटतो, फाट्यांवर पानं येतात. फुलं असतील तर प्रश्नच नाही: कडुनिंबाची पांढरी, बकाण्याची जांभळट.

मोहरांचं प्रकरणही तसंच. गुलमोहर डिलोनिक्स रेजिया, मूळ मादागास्करचा. सोनमोहर, ज्याला लोक पिवळा गुलमोहर म्हणतात, पेल्टोफोरम टेरोकार्पम. नीलमोहर जॅकरँडा मिमोसिफोलिया, तो तर बिग्नोनिएसी कुळातला. यादीनं तिन्ही डिलोनिक्समध्ये कोंबले आहेत आणि वेगळेपणा दाखवायला पुढे 'यलो' आणि 'ब्लू' लावलंय. चिंचांची वाट अशीच लागली आहे. चिंच टॅमरिंडस इंडिका, विलायती चिंच पिथेसेलोबियम डल्से, गोरखचिंच अॅडॅन्सोनिया डिजिटाटा. तिघींचे वंश वेगळे आणि गोरखचिंचेचं तर कुळही वेगळं. वर चिंचेच्या माहितीत 'मूळ स्थान: भारत' असं छापलंय, कारण नावात 'इंडिका' आहे. चिंच मूळची आफ्रिकेची. 'इंडिका' म्हणजे नाव देणाऱ्याच्या हाती नमुना किंवा माहिती भारताकडून आली, एवढाच अर्थ घ्यावा. नावावरून गाव ठरवू नये.

बाभळीबाबत यादी चुकीची म्हणता येणार नाही, शिळी म्हणता येईल. ॲकेशिया निलोटिका हे नाव आपण सगळे पुस्तकात शिकलो. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 2005 च्या व्हिएन्ना परिषदेत ॲकेशिया हे वंशनाव ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी राखून ठेवायचं ठरलं, 2011 मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. त्यामुळे आपली बाभूळ झाली वॅचेलिया निलोटिका, हिवर वॅचेलिया ल्युकोफ्लोया, खैर सेनेगालिया कॅटेचू. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच राहिली. माळावरच्या बाभळीचं नाव गेलं आणि पाहुणीकडे राहिलं, याचा राग येणं साहजिक आहे, पण पाटीवर राग छापता येत नाही. येडी बाभूळ 2022 पासून प्रोसोपिस सोडून नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. शमी प्रोसोपिस सिनेरारियाच आहे. करंजाची गंमत उलटी: पोंगामिया पिनाटाचं मिलेशिया पिनाटा केलं गेलं आणि आता क्यूच्या (लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या) यादीत पुन्हा पोंगामिया पिनाटाच मान्य आहे. ज्यांनी मधल्या काळात पाटी बदलली नाही ते जिंकले.

म्हणून लेझरची पाटी सरसकट घेऊ नका. वड, पिंपळ, उंबर, आंबा, बेल, पळस यांची नावं स्थिर आहेत, ती कोरून घ्या. बाभूळवर्गीय आणि काशीद-बहाव्यासारख्यांसाठी एसीपी घ्या. बहावा कॅसिया फिस्टुलाच आहे, पण काशीद कॅसियातून सेना सियामिया झाला. यादीत अजून कॅसिया. पाटीवर जागा असेल तर जुनं नाव छोट्या अक्षरात 'पूर्वीचं नाव' म्हणून द्यावं, कारण पाठ्यपुस्तकं आणि जुनी पुस्तकं त्याच नावानं शोधली जातात.

कुळांच्या रकान्यात सिसॅल्पिनिएसी, बॉम्बॅकेसी, ॲस्क्लेपिएडेसी अशी जुनी नावं आहेत. आता सावर माल्व्हेसीत, रुई अपोसायनेसीत, साग व्हर्बिनेसीतून लॅमिएसीत म्हणजे तुळशीच्या कुळात. डाळिंबासाठी पुनिकेसी हे स्वतंत्र कुळ होतं, ते लिथ्रेसीत गेलं, जिथे मेंदी आणि राज्यफूल ताम्हणही आहे. ज्या सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे डाळिंबाच्या पाटीवर जुनं कुळ शोभत नाही. डाळिंबाच्या वाणांसाठी एक नियम: पुनिका ग्रॅनॅटम तिरक्या अक्षरात, पुढे 'भगवा' किंवा 'गणेश' एकेरी अवतरणात आणि सरळ अक्षरात. वाणाचं नाव शास्त्रीय नावाचा तिसरा शब्द असल्यासारखं तिरकं छापलं की ते चूक.

एक गोष्ट यादीत नाहीच, आणि शाळेसाठी ती सगळ्यात महत्त्वाची. कण्हेर (नेरियम ओलिअँडर) आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर (कॅस्काबेला थेवेशिया) दोन्ही विषारी आहेत. बिट्टीची बी तर मुलं खेळायला उचलतात. त्या पाटीवर 'विषारी' हा शब्द नावाइतकाच मोठा हवा. यादीत बिट्टीपुढे 'शोभेचे झाड' एवढंच आहे.

मजकूर छपाईला देतानाच्या चुका वेगळ्या. शास्त्रीय नावात वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही शब्द तिरके. दुकानातला संगणक दुसऱ्या शब्दाचंही पहिलं अक्षर मोठं करून टाकतो आणि प्रूफवर ते कोणाच्या नजरेत येत नाही. सगळं नाव मोठ्या अक्षरांत छापायची त्यांची सवय आहे, दुकानाच्या बोर्डासारखी. त्याला स्पष्ट नकार द्या. वडाच्या नावात, फायकस बेंघालेन्सिसमध्ये, 'जी'नंतर 'एच' आहे. यादीत तो गळलाय.

मराठी मजकूर वॉट्सॲपवर पाठवलात तर तिथे तो जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप होतो. तिथेच कण्हेरचा कन्हेर होतो, रफार सरकतो, 'ॲ' च्या जागी चौकोन येतो. उपाय सोपा आहे: मजकूर स्वतः मांडून, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकृत्या करून) पीडीएफ द्या. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान कागदावर सुवाच्य लिहून द्यावं आणि प्रूफ अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. प्रूफ ते न कुरकुरता दोनदा देतात, ही या दुकानाची खरी जमेची बाजू आहे. सही झाल्यावरची चूक मात्र तुमच्या खर्चानं.

क्यूआर कोडची सोय आहे, पण विचार करून घ्या. त्यांचा कोड तिसऱ्याच एका संकेतस्थळाच्या दुव्यावरून फिरून जातो. ती वार्षिक वर्गणी थांबली की सगळ्या पाट्यांचे कोड एका दिवशी मुके. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा थेट दुवा द्या आणि त्याचाच कोड छापून घ्या. कोड किमान 3 सेंटिमीटर, भोवती पांढरी मोकळी जागा. चकचकीत लॅमिनेशन टाळा, दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला चमक येऊन कोड वाचता येत नाही, मॅट मागा.

प्राणी-पक्ष्यांचे फलकही हेच दुकान करतं. नान्नजच्या माळरानावर सहली नेणाऱ्या शाळांकडून त्यांना मागणी असते. माळढोकचं नाव तिथे कोरिओटिस नायग्रिसेप्स आहे, जुन्या पक्षिपुस्तकांतलं. आता आर्डिओटिस नायग्रिसेप्स. काळविटाचं अँटिलोपी सर्विकाप्रा. यातला 'अँटिलोपी' हा शब्द 'टी'नंतर 'आय' असा लिहितात, पण संगणकाचं शुद्धलेखन त्याला आपोआप इंग्रजी 'अँटेलोप' करून टाकतं, आणि फलकावर तेच छापून आलंय. वडात हवा असलेला 'एच' सगळीकडे लावत सुटू नका: नीलकंठ कोरेशियस बेंघालेन्सिसमध्ये तो आहे, खोकड व्हल्पीस बेंगालेन्सिसमध्ये नाही. पहिल्यांदा नाव देणाऱ्यानं जसं लिहिलं तसंच ते चालतं, एका मापानं सगळे दुरुस्त करता येत नाहीत.

सापांच्या फलकावर तर कारागिरानं नागाच्या नावातला एक शब्द 'दोनदा आलाय' म्हणून उडवला आहे. नाग म्हणजे नाजा नाजा, दोन्ही शब्द हवेत. प्राण्यांत वंश आणि जात एकाच नावाची चालते (चितळ ॲक्सिस ॲक्सिस), वनस्पतींत चालत नाही. घोणस डाबोया रसेलियाय: रसेल साहेबांच्या आडनावात 'एल' दोन, सापाच्या नावात एकच, आणि शेवटी 'आय' दोन. मण्यार बंगॅरस सेरुलियस आणि फुरसे एकिस कॅरिनॅटस ही दोन मात्र बरोबर आहेत.

हरियाल म्हणजे राज्यपक्षी, त्याचं ट्रेरॉन फिनिकॉप्टेरा आता ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस असं लिहितात, कारण वंशनाव पुल्लिंगी धरलं की जातीच्या नावाचा शेवटही तसाच लागतो. तणमोराचंही इंडिकाचं इंडिकस झालं ते यामुळेच. ही नावं सहा महिन्यांतून बदलत नाहीत, पण फलक करण्याआधी वनस्पतींसाठी क्यूची ऑनलाइन यादी आणि पक्ष्यांसाठी ई-बर्ड हे पक्षिनोंदींचं संकेतस्थळ वापरतं ती यादी एकदा उघडून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

स्थानिक नावांसाठी जागा राखायची सूचना दुकानदाराला पटली आणि त्यानं नमुना बदलला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं असतात. पूर्व भागातल्या शाळेत लिंबाच्या पाटीवर तेलुगू 'वेपा' आणि अक्कलकोट-दक्षिणेकडच्या शाळेत कन्नड 'बेवु' असलं तर ती पाटी पोरं घरी जाऊन सांगतात. कन्नड आणि तेलुगू लिपीतला मजकूर मात्र त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या, दुकानात ती लिपी वाचणारा कोणी नाही.

दराचं म्हणाल तर 8 गुणिले 6 ची एसीपी पाटी 140 रुपयांना, लेझरची 380 ला, स्प्रिंग आणि तारेचा संच वेगळा 45 ला पडतो. 25 च्या खाली ऑर्डर घेत नाहीत. खुंटी महाग वाटली, ती वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली तरी चालेल. अर्धे पैसे आगाऊ, माल साधारण दहा दिवसांत. गड्डा यात्रेचा जानेवारी, दिवाळीच्या आधीचे आठवडे आणि निवडणुकीचा हंगाम टाळा, त्या दिवसांत सगळी मशिनं फ्लेक्सच्या मागे असतात आणि झाडांच्या पाट्या कोपऱ्यात पडून राहतात.